‘फँड्री’ : एक डुक्कर आणि एक चिमणी

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की तुळशीपाशी कारिट पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, अशी रीत आमच्याकडे आहे. लहानपणी तो थेंब चुकवण्यासाठी आम्ही भावंडे नाना युक्त्या करीत असू. पण आजीपुढे एकही चालत नसे. एखाद्या चित्रपटाचे गुणदोष सांगणारा लेख दिवाळी अंकासाठी लिहावा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मला त्या कारिटाची आठवण झाली. अंकात गोडधोड पुष्कळ आहे; त्यात एक कडू थेंब चालून जाईल, या भरवशावर मी नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’विषयी लिहायला बसलो आहे.

हा चित्रपट २०१३ साली तयार झाला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत लागला. मंजुळे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट आणि ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रह त्यांच्या नावावर होता. ‘फँड्री’ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातील जब्या झालेल्या सोमनाथ अवघडे या मुलाला बालकलाकाराचा. त्या वेळी इतके लिहिले गेले आणि इतके हार पडले, की हारांखाली मूळ मूर्ती दिसेनाशी झाली. सत्काराच्या व्यासपीठावर कोणी गुणदोष बोलत नसते. ते मंडप उतरल्यावर बोलायचे असतात. आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, मंडप उतरला आहे, तेव्हा शांतपणे बोलायला हरकत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. गावाच्या कडेला, वस्तीपासून फटकून, कैकाडी समाजातल्या कचरू मानेचे घर आहे. टोपल्या विणाव्यात, गावाने सांगितलेली हलकी कामे करावीत, आणि गावात मोकाट फिरणाऱ्या डुकरांचा प्रश्न आला की गावाने कचरूला हाक मारावी, असा त्याचा जन्म चालला आहे. त्याचा मुलगा जांबुवंत, म्हणजे जब्या, शाळेत जातो. वर्गातली शालू त्याला आवडते. तिच्याशी तो एकही धड शब्द बोललेला नाही. लांब शेपटीची काळी चिमणी मारून तिची राख मुलीवर टाकली की ती वश होते, असे गावातल्या चंक्याने त्याच्या मनात भरवून दिलेले आहे. म्हणून तो गलोल घेऊन माळरानावर त्या चिमणीच्या मागे हिंडतो. इकडे बापाला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे. गावातली डुकरे पकडण्याचे काम तो पत्करतो आणि सगळ्या कुटुंबाला त्या कामाला जुंपतो. जब्यालाही. ती डुकरे असतात नेमकी शाळेच्या आसपास, आणि पाहायला असतात त्याचेच वर्गसोबती.

‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थ डुक्कर. ही मंडळी घरात कैकाडी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की मराठी. ही तमिळशी नाते सांगणारी बोली आपल्या गावांच्या कडेला पिढ्यान् पिढ्या बोलली जात आली आहे, आणि बहुतेकांच्या कानांवर तिचा एक शब्दही पडलेला नाही. वाचकांपैकी ज्यांनी लक्ष्मण माने यांचे १९८० साली प्रसिद्ध झालेले ‘उपरा’ वाचले असेल, त्यांना हे घर ओळखीचे वाटेल. गाढवांवर बिऱ्हाड लादून, फोकांच्या टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या याच समाजाची ती कहाणी आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने देशातल्या कितीतरी जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, आणि त्याच्या जाचातून सुटलेल्या जातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात कैकाडी समाज त्याच विमुक्तांच्या यादीत आहे. कायद्याने सोडले, पण गावाने सोडले का, हा प्रश्न चित्रपटात कोणी तोंडाने विचारीत नाही. तो कचरूच्या वाकलेल्या पाठीवर लिहिलेला आहे.

आता गुणांकडे येतो. माझ्या मते ‘फँड्री’त दोन शिकारी आहेत. एक चिमणीची, दुसरी डुकराची. चिमणीची शिकार स्वप्नातली आहे आणि डुकराची पोटासाठीची. चित्रपट जिथे डुकराच्या मागे धावतो तिथे तो फार मोठा होतो. चिमणीच्या मागे गेला की त्याची पकड ढिली पडते. त्याचे बळ आणि त्याच्या उणिवा या एकाच वाक्यातून उलगडता येतील.

डुक्कर पकडणे हे काम आहे, आणि काम कसे चालते हे मंजुळ्यांना ठाऊक आहे. कोणी कुठे उभे राहायचे, फास कुठे लावायचा, कोणी हाकारायचे, कोणी वाट अडवायची, बायांनी काय करायचे आणि पोरांनी काय, हे सारे बारकाईने दिसते. आपल्याकडच्या पुष्कळ चित्रपटांत गरीब माणसे नुसती दुःखी असतात. ती हाताने काय करतात याचा पत्ता नसतो. शेतकरी असला तर तो आभाळाकडे पाहतो, मजूर असला तर घाम पुसतो. इथे कचरू माने आपल्या धंद्यातला जाणकार आहे. सगळे गाव ज्या कामाची किळस करते त्यातले त्याचे कसब आपल्याला पाहावे लागते, आणि पाहता पाहता आपण त्याच्या बाजूने डुकरामागे धावू लागतो.

कचरूची भूमिका किशोर कदम यांनी केली आहे. हे गृहस्थ ‘सौमित्र’ या नावाने कविता लिहितात, हे वाचकांना माहीत असेलच. शब्दांत वावरणाऱ्या या माणसाने इथे शब्द जवळजवळ टाकूनच दिले आहेत. गावातला मोठा माणूस समोर आला की त्यांचे खांदे आपोआप आत ओढले जातात, आणि मुलाकडे वळले की तोच दबलेला माणूस खेकसतो. वर दाबले की खाली फुटते, हा न्याय आहे. कचरू क्रूर नाही. मुलाने मान वर काढली तर ती तुटेल, अशी त्याला भीती आहे, आणि त्या भीतीने तोच ती मान खाली दाबतो. बापलेकांच्या भांडणात दोघेही खरे आहेत आणि कोणाचीही बाजू घेता येत नाही. हे मला या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश वाटते.

साधने थोडी असणे हे पुष्कळदा दुबळेपणाचे निमित्त होते. इथे त्याचे बळ झाले आहे. नगरजवळच्या अकोळनेर गावी चित्रीकरण झाले. किशोर कदम आणि छाया कदम यांच्यासारखे थोडे कसलेले नट सोडले, तर पडद्यावर वावरणारी पोरे नवखी आहेत. सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा खेड्यातला मुलगा. त्याला रडायला कोणी शिकवले नाही हे बरेच झाले. त्याचा चेहरा फार थोडे सांगतो. डोळे मात्र सारखे कोणाला तरी चुकवीत असतात. देखावे उभारायला पैसा नसला की असलेल्या गोष्टींकडे नीट पाहावे लागते. शाळेची भिंत, वाळलेले गवत, गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुकान आणि त्यात टांगलेली जीनची विजार, एवढ्यावर चित्रपटकर्त्याने सारा प्रपंच मांडला आहे. ती विजार घ्यायला जब्याला पैसे हवे असतात, म्हणून तो सायकलवरून गारेगार विकतो; आणि ती सायकल एका मालमोटारीखाली चिरडते. हे सांगताना मंजुळ्यांनी टाहो फोडलेला नाही. गरिबाच्या घरात मोठी संकटे नेहमी अशीच किरकोळ अपघातासारखी येतात.

जत्रेचा प्रसंग पाहा. पोरे बेभान नाचत आहेत, जब्याही त्यांच्यात मिसळला आहे. थोडा वेळ तरी तो कोणाचा कोण हे कोणाला आठवत नाही. मग बाप त्याला बोलावून घेतो, आणि त्याच्या डोक्यावर मिरवणुकीतली बत्ती येते. ज्या उजेडात इतर नाचतात तो उजेड वाहायचे काम त्याचे. नाचणाऱ्यांत शालूला दिसावे म्हणून जो आला होता तो तिला असा दिसतो. एकही संवाद न घालता एवढे सांगणे याला मी कला म्हणतो.

आणि मग ती अखेरची लांबलचक डुक्करधरणी. मी हा चित्रपट पाहिला तेव्हा या प्रसंगाला प्रेक्षागृह खदखदून हसत होते. हसण्यासारखे आहेच ते. डुक्कर बायांच्या पायांतून निसटते, माणसे चिखलात आपटतात, फास रिकामा राहतो. पडद्यावर शाळेची पोरे कठड्यावर बसून हसतात, मोबाइलवर चित्रे काढतात, आणि आपणही त्यांच्याबरोबर हसतो. हळूहळू हसू आटू लागते. कारण या गर्दीत एक मुलगा भिंतीआड लपू पाहतो आहे, आणि बाप त्याला तिथून ओढून काढतो. आपण कोणाच्या रांगेत बसून हसत होतो हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मंजुळ्यांनी कोणावर आरोप केला नाही. त्यांनी नुसते आपल्याला आधी हसू दिले.

याच धावपळीत शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. डुक्कर हाती लागण्याच्या बेतात आहे. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ सारे कुटुंब, हातातले काम टाकून. डुक्कर निघून जाते. या प्रसंगावर पुष्कळ विद्वानांनी लिहिले आहे. मला मात्र माझ्या वर्गातल्या एका पोराने जे सांगितले ते अजून विसरता येत नाही. चित्रपटाविषयी बोलणे निघाले असता मी विचारले, तुला त्यात काय आवडले? तो म्हणाला, “गुरुजी, राष्ट्रगीताच्या वेळेला डुक्कर सुटलं, ते लई बरं झालं.” वर्ग हसला. मीही हसलो. मागाहून लक्षात आले, की सगळ्या चित्रपटात स्वतःच्या मर्जीने चालणारे आणि पकडणाऱ्यांच्या हातून सुटणारे काय ते ते जनावर. माणसांपैकी कोणीच सुटत नाही. पोराने ते बरोबर हेरले होते.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव ती चिमणी. जब्याच्या वयाच्या पोराने असल्या तोडग्यावर विश्वास ठेवणे अगदी स्वाभाविक आहे, आणि सुरुवातीला माळावर गलोल घेऊन धावणारा तो मुलगा मन वेधून घेतो. पण चिमणी पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी थोडी अधिक अर्थ घेऊन येते. प्रेम, स्वप्न, मुक्ती, जात ओलांडण्याची वाट, असे एकेक ओझे त्या टीचभर पाखराच्या पाठीवर चढत जाते. ते उडू शकत नाही, याचे नवल नको. डुकराला असे कसलेच ओझे नाही. डुक्कर डुक्करच आहे, म्हणून त्यातून हवे तेवढे अर्थ निघतात.

दुसरी उणीव चंक्या. ही भूमिका खुद्द मंजुळ्यांनी केली आहे. गावाने वेडसर ठरवलेला, काही तरी सोसून बसलेला हा सायकलवाला जब्याचा एकुलता एक जाणता मित्र आहे. तो या मुलाला तंत्रमंत्राच्या नादी का लावतो? भाबडेपणाने, की आशा जिवंत ठेवायला? चित्रपट हे उलगडीत नाही. गूढ असणे निराळे आणि अर्धवट राहणे निराळे. कचरूच्या मनात काय चालले आहे ते त्याने न बोलता कळते. चंक्या बोलूनही कळत नाही.

तिसरी उणीव मला कादंबरीकार म्हणून अधिक खुपते, आणि ती शालूची आहे. राजेश्वरी खरात हिने जे दिले ते नीट केले आहे. पण तिला दिलेच काय? ती जाते, येते, वळून पाहते, हसते. तिला काय वाटते, जब्या तिच्या लक्षात तरी आहे की नाही, डुक्करधरणी पाहताना तिच्या मनात काय येते, याचा थांग लागत नाही. कथा जब्याच्या डोळ्यांनी सांगितली आहे, असे याचे समर्थन करतील. ते मला पुरते पटत नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ कादंबरीतही सारे जोशीच्याच डोळ्यांनी दिसते, तरी शिरोडकर ही मुलगी स्वतःचे बोलणे आणि स्वतःचे मन घेऊन आपल्यापुढे उभी राहते. शालू मात्र शेवटपर्यंत चिमणीसारखीच लांबून दिसणारी राहते. मंजुळ्यांना स्वतःलाही ही उणीव जाणवली असावी, असा माझा तर्क आहे. २०१६ साली त्यांचा ‘सैराट’ आला तेव्हा त्यातली आर्ची पाटलाची पोर असूनही स्वतः पुढे होऊन बोलते, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते आणि नायकाला मागे बसवते. शालूचे जे राहून गेले ते आर्चीने व्याजासकट फेडले.

चौथी गोष्ट गावाची. वरच्या आळीतली माणसे एकाच सुरात बोलतात. टिंगल करणारी पोरे टिंगलच करतात, हुकूम सोडणारे हुकूमच सोडतात. खेडेगावात दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की जात पाळणारा माणूस चोवीस तास खलनायक नसतो. तो आजारपणात औषधाला पैसे देतो, मुलाच्या शाळेची चौकशी करतो, आणि त्याच तोंडाने पेला बाहेर ठेवायला सांगतो. हे गोड तोंड अधिक जिवावर उठणारे असते. ते दाखवले असते तर आपल्यासारख्या सभ्य प्रेक्षकांना निसटायला वाट उरली नसती.

आता शाळेविषयी. आम्हा मास्तर मंडळींना हा चित्रपट पाहताना खुर्चीत नीट बसवत नाही. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो आहे. बाहेरच्या रूपाला काय भुलता, असा त्याचा आशय आहे. मास्तर शिकवतात ते चुकीचे नाही. पोरे ऐकतात, आणि हीच पोरे पुढे कठड्यावर बसून जब्याला पाहून हसतात. अभंगावर प्रश्न घातला असता तर त्यांतल्या कित्येकांनी पाचपैकी पाच गुण मिळवले असते. पाठ्यपुस्तकातले संत मैदानापर्यंत का पोचत नाहीत, या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही, आणि ते त्याने द्यावे अशी माझी मागणीही नाही. ते आम्ही शोधायचे आहे.

पुढे डुक्कर सापडते. त्याला काठीला बांधून बाप आणि लेक खांद्यावरून वाहून नेतात, आणि मागे शाळेची भिंत सरकत जाते. भिंतीवर डॉ. आंबेडकर, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेली आहेत. कित्येकांना हे फार ठळक वाटले, बोट दाखवून सांगितल्यासारखे. प्रथम मलाही तसे वाटले. पण चिमणी आणि ही भिंत यांत फरक आहे. चिमणी लेखकाने माळावर आणून सोडली; भिंत तिथे असतेच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, थोरांची चित्रे रंगवलेली भिंत सापडेल. तिच्यापुढून अशी काठी रोज जात असते. चित्रपटकर्त्याने कॅमेरा योग्य जागी ठेवला एवढेच. म्हणून मी या दृश्याला पुरे गुण देतो.

शेवटी टिंगल असह्य होऊन जब्या दगड उचलतो. एक, दोन, आणि अखेरचा दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. अंधार होतो. हा शेवट फार गाजला. मुलगा दगड उचलतो तिथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. तो दगड त्याने कमावलेला आहे. पण तो प्रेक्षकांवर फेकून दिग्दर्शकाने मोठी अवघड गोष्ट सोपी केली, असे मला वाटते. सगळ्यांवर एकदम टाकलेला दगड प्रत्येक जण शेजाऱ्याच्या डोक्यावर ढकलतो. प्रेक्षक हादरतो, टाळ्या वाजवतो, बाहेर येऊन चहा घेतो आणि समाज किती वाईट आहे असे म्हणतो. मघाशी हसताना मात्र तो एकटा होता, त्याचे हसू त्याचेच होते, आणि ते कोणावर ढकलता येत नव्हते. खरा दगड तिथे लागला होता. अखेरचा दगड त्याची नुसती घोषणा करतो.

एवढे दोष काढूनही मी हा चित्रपट मराठीतल्या मोजक्या खऱ्या चित्रपटांत मोजतो. त्यातल्या उणिवा पहिल्याच खेपेला सगळे सांगून टाकू पाहणाऱ्या माणसाच्या आहेत. त्याचे गुण मात्र पाहिलेले, सोसलेले आणि विसरायला नकार दिलेले आहेत. पैसा वाढला असता तर उणिवा कदाचित झाकल्या गेल्या असत्या. पण डुकरामागे धावणाऱ्या बाईच्या पायांतला तो चिखल पैशाने आणता आला नसता.

दिवाळीच्या सुटीत घरी नातवंडे, भाचरे जमतील. वेळ काढून त्यांच्यासोबत ‘फँड्री’ पाहा. पोरे हसतील, त्यांना हसू द्या. मध्येच उठून उपदेश करू नका. चित्रपट संपला की फक्त एवढेच विचारा, की शाळेत तुमच्या बाकावर कोण बसते, आणि कोणासोबत तुम्ही डबा खात नाही. उत्तर लगेच येणार नाही. आले तर चकलीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.